कुत्रीच्या गोळ्या आणि माझी सही

बोईसरमध्ये आजारी पडायची चोरी आहे. नुसतं शिंकलात तरी शेजारचा माणूस काय होतंय हे न विचारता गोळीचं नाव सांगतो, वर किती पॉवरची घ्यायची तेही सांगतो. तारापूरच्या एमआयडीसीत औषधांचे इतके कारखाने आहेत, की आमच्या एका बिल्डिंगमध्येच कोणी पावडर बनवतो, कोणी ती दाबून गोळी करतो, कोणी गोळ्या पाकिटात भरतो आणि कोणी त्या पाकिटांचे खोके ट्रकवर चढवतो. खोके चढवणाराही औषधांवर अगदी अधिकाराने बोलतो. या सगळ्यांत माझा मान मोठा, कारण मी क्वालिटीत.

मी मूळची सांगलीकडची. नवऱ्याला इथल्या अणुवीजप्रकल्पात नोकरी लागली म्हणून आले आणि एका औषध कंपनीत चिकटले ती आजतागायत. आमच्याकडे अँटिबायोटिकच्या गोळ्या बनतात. माझं काम गोळ्या बनवायचं नाही, बनवणाऱ्यांना छळायचं. प्रत्येक बॅचची एक जाडजूड वही असते. कोणी, काय, किती वजनाचं, किती वाजता घातलं ते तिथल्या तिथे लिहायचं. करणाऱ्याने ‘केले’ म्हणून सही करायची आणि शेजारी उभं राहून बघणाऱ्याने ‘तपासले’ म्हणून. चूक झाली तर खाडाखोड नाही, व्हाइटनर तर नाहीच. चुकीवर एकच सरळ रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, बाजूला खरं काय ते लिहायचं आणि सही करून तारीख घालायची. जागेवर नसताना ‘तपासले’वर सह्या ठोकणारी माणसं मी केबिनमध्ये बोलावून रडवलेली आहेत. मोठी बापई माणसं. हे मी फुशारकीने सांगतेय असं वाटत असेल तर बरोबरच आहे. मला तेव्हा फुशारकीच होती.

आमच्या गेटवर एक कुत्री राहते. तपकिरी रंगाची, एक कान उभा, एक पडलेला, आणि वागणं असं की कंपनी तिच्या नावावर आहे. तीन पाळ्यांनी तिला तीन नावं ठेवली आहेत आणि ती तिन्ही नावांना सारख्याच आळसाने शेपटी हलवते. त्यातलं एक जरी इथे लिहिलं तरी उरलेल्या दोन पाळ्या माझ्याशी बोलायच्या बंद होतील, म्हणून लिहीत नाही.

तिचे खरे मालक म्हणजे गेटवरचे वॉचमन. बेटेगावचे, साठीला टेकलेले. सकाळी आठला सायकलवरून यायचे आणि रात्रपाळीचा वॉचमन आला की आठला जायचे. त्यांच्या डब्यात तांदळाच्या चार भाकऱ्या असायच्या. दोन त्यांच्या आणि दोन तिच्या. घरी सुनेने एकदा विचारलं म्हणे, हल्ली तुमची भूक वाढली का. तर म्हणाले, कंपनीत काम वाढलंय.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ही कुत्रीबाई शेजारच्या कंपनीच्या टँकर यार्डात घुसली आणि तिथल्या कुत्र्यांच्या टोळीशी भांडून आली. मागच्या डाव्या पायाला, गुडघ्याच्या खाली, कोणीतरी दात रोवले होते. दोन दिवस ती लंगडली. तिसऱ्या दिवशी पाय सुजला आणि चौथ्या दिवशी वॉचमन माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. एवढ्या वर्षांत ते ऑफिसच्या आत आलेले मी पाहिले नव्हते.

“मॅडम, हिच्या पायात पू झालाय. आमी हलद लावली, नाय उतरला. तुमच्याकडं एखादी गोली हाय का?”

कंपनीची एक गोळी जरी पर्समधून बाहेर गेली तरी माझी नोकरी जाईल, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांना माझ्या घरचा डबा हवा होता. तो सगळ्यांना माहीत होता. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात आमच्या घरातल्या प्रत्येक दुखण्यातून उरलेल्या गोळ्या. कापलेल्या पट्ट्या, एकेक, दोनदोन. बिल्डिंगमधले लोक त्या डब्याकडे देवघराकडे बघावं तसं बघायचे.

डब्यात नेमक्या पाच गोळ्या निघाल्या. अँटिबायोटिकच्या, चांगल्या दणकट. पावसाळ्यात माझी दाढ सुजली होती, त्यातल्या. मुदत बघितली, संपलेली नव्हती. क्वालिटीतली बाई ना मी! मुदत बघितली आणि मला वाटलं झालं सगळं तपासून. सकाळ-संध्याकाळ एकेक द्या म्हणून पाचही वॉचमनच्या हातात ठेवल्या.

अडीच दिवसांत सूज उतरली. पू थांबला. ती पुन्हा ट्रकच्या मागे भुंकत धावायला लागली आणि गेटवर माझी कीर्ती पसरली. कँटीनमध्ये लोक मला वाट करून द्यायचे. पॅकिंगमधल्या एकाने घरच्या शेळीच्या डोळ्याबद्दल विचारलं, एकीने कोंबडीबद्दल. मी कोणालाच नाही म्हटलं नाही. कोंबडीचं वजन तेवढं विचारलं, उगाच शास्त्रोक्त वाटावं म्हणून.

दहाव्या दिवशी सकाळी गेटवर आले तर कुत्री उठली नाही. पाय पहिल्यापेक्षा दुप्पट झाला होता, कातडी चकचकीत ताणलेली, आणि वास असा की वॉचमननी गेटच्या केबिनमध्ये उदबत्ती लावली होती. त्यांनी नुसतं तिच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

नवऱ्याला फोन केला. तो प्रकल्पातून निवृत्त झाला असला तरी सुरक्षेची सवय काही निवृत्त झालेली नाही. गाडीच्या मागच्या सीटवर त्याने प्लॅस्टिक अंथरलं, त्यावर जुनं बेडशीट, त्यावर वर्तमानपत्र, आणि हातात रबरी मोजे घालून तो सालवडच्या नाक्यावर पेट्रोल भरायला उतरला. पंपावरचा माणूस दोन पावलं मागेच सरकला. वॉचमन मागे कुत्रीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. पालघर येईपर्यंत ते तिच्याशी त्यांच्या बोलीत काहीतरी पुटपुटत होते.

पालघरची जनावरांची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची निघाली. तिने आधी कुत्रीच्या तोंडाला बँडेजची पट्टी सैलसर बांधली, मग पायाला हात लावला. वजन घ्यायचं तर कुत्री काट्यावर उभी राहीना. तेव्हा आधी तिला उचलून घेतलेल्या वॉचमनना काट्यावर उभं केलं आणि नंतर त्यांना एकट्याला. अठरा किलो. मग डॉक्टरने पेन उघडलं.

“आधी काही औषध दिलंय का, काकू?”

काकू! तरी मी राग गिळला आणि गोळीचं नाव सांगितलं. मोठ्या रुबाबात सांगितलं.

“किती ताकदीची?”

तेही सांगितलं.

“किती दिवस?”

“अडीच.”

“अडीच?”

“पाचच होत्या.”

“वजनावर डोस काढला होता?”

 आमच्याकडे कोणी वजन न लिहिता कागद पुढे सरकवला तर तो मी त्याच्या अंगावर फेकते.

“ही माणसाची उरलेली गोळी होती ना?” डॉक्टर म्हणाली. “कोणाची?”

“माझी. दाढेची.”

“मग उरली कशी?”

नवरा खिडकीतून बाहेर बघायला लागला. उरली कशी म्हणजे? पाच दिवसांच्या दिल्या होत्या, तिसऱ्या दिवशी दाढ दुखायची थांबली, म्हणून बंद केल्या. दरवर्षी नव्या कामगारांना मीच एक तासाचं व्याख्यान देते. अँटिबायोटिक अर्धवट सोडलं की तगडे जंतू तेवढे मागे राहतात आणि पुढच्या वेळी औषधाला जुमानत नाहीत, हे मी फळ्यावर चित्र काढून सांगते. जंतूंना डोळेसुद्धा काढते. आणि माझ्या घरात एक अख्खा डबा भरून पुरावा होता.

डॉक्टरने फार ताणलं नाही. गोळी विषारी नव्हती, म्हणाली, काही औषधं माणसाला आणि कुत्र्याला दोघांनाही चालतात. पण किती, किती दिवस आणि कुठल्या जंतूवर, हे न बघता दिलं की वरून सूज जाते आणि आत दुखणं पसरत राहतं. मग तिने विचारलं, दुखण्यावरची एखादी गोळी दिली का. मी ठामपणे नाही म्हटलं. मागून वॉचमन खाकरले.

“एक दिली व्हती. त्या बॉयलरवाल्यानं. आपली डोकेदुखीची.”

मघापासून मवाळ असलेली ती मुलगी ताड्कन उभी राहिली. माणसाच्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं जातात, यकृत जातं, एखाद्या गोळीनेही जीव जाऊ शकतो, पुन्हा असं कोणी केलं तर मी स्वतः बोईसरला येईन, असं ती म्हणाली. मला तिच्यात माझी तरुणपणची झलक दिसली. मग तिने जखम उघडली, धुतली, मेलेलं कातडं काढलं, आतला पू कापसाच्या काडीवर घेऊन नळीत बंद केला. कुठला जंतू आहे आणि तो कुठल्या औषधाने मरतो, ते तपासायला पाठवते म्हणाली.

“आणि पाय?” मी विचारलं.

“हाडापर्यंत गेलं नसेल तर वाचेल. गेलं असेल तर पाय काढावा लागेल.”

वॉचमन एवढा वेळ कुत्रीच्या कानामागे खाजवत होते. त्यांचा हात थांबला.

“तीन पायांवर ती ट्रकच्या मधून कशी पळंल?” ते म्हणाले. “आमच्या गेटवर दिसाला पन्नास ट्रक येतात.”

 डॉक्टरने इंजेक्शन दिलं, दोन आठवड्यांच्या गोळ्या मोजून दिल्या आणि सगळं कागदावर लिहून दिलं. सकाळी आठ, रात्री आठ. खाण्याबरोबर. बरी वाटली तरी थांबवायची नाही. एखादी राहिली तर पुढच्या वेळी दोन द्यायच्या नाहीत. उलटी, जुलाब झाले तर फोन करायचा. आठवड्याने दाखवायला आणायचं. परत आल्यावर नवऱ्याने घरातून डबा उचलला, थेट औषधाच्या दुकानात नेला आणि गोळ्या नष्ट करायला दुकानदाराच्या ताब्यात दिल्या. मला विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी बॉयलरवाला स्वतःहून आला. उत्तरेकडचा माणूस, सालवडला चार जणांत खोली करून राहणारा, कुत्रीला रोज बिस्किटं घालणारा. हात जोडून म्हणाला, “मॅडमजी, हमने सोचा उसको भी सिरदर्द होता होगा, इतना भौंकती है.” मी त्याला बरंच काही सुनावणार होते. पण माझ्या पाच गोळ्या घशाशी आल्या आणि मी एवढंच म्हटलं, की आगे से नहीं.

आता खरी गंमत झाली ती आठ या आकड्याने. डॉक्टरला काय माहीत, की गेटवर आठ म्हणजे पाळी बदलायची वेळ. पहिल्याच रात्री घरी निघालेल्या वॉचमननी जाता जाता गोळी दिली आणि रात्रपाळीवाल्याने आल्या आल्या कागद वाचून आणखी एक दिली. दोघेही कर्तव्यदक्ष. कुत्रीने रात्रपाळीवाल्याच्या बुटांवर उलटी केली. डॉक्टरला फोन लावला, ती म्हणाली पुढची गोळी ठरल्या वेळीच द्या, लक्ष ठेवा, आणि कृपा करून कोणीतरी एकानेच द्या.

मग मी माझ्या स्वभावाला जागले. कुत्रीची बॅच वही काढली. कोऱ्या वहीत पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, गोळी क्रमांक, कशातून दिली, ‘केले’, ‘तपासले’. गोळ्या देणार फक्त वॉचमन, सकाळी आल्यावर आणि रात्री निघताना. ‘केले’ त्यांचं, ‘तपासले’ माझं. वॉचमननी वही दोन्ही हातांत घेतली. पहिल्यांदा सही करताना त्यांनी पेनाचं टोपण काढून खिशाला लावलं, पूर्ण नाव लिहिलं आणि खाली रेघ ओढली. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते बेटेगावहून दोनदा सायकल मारत आले. ‘कशातून दिली’ या रकान्यात ‘भाकरी’, ‘भाकरी व सुकट’, ‘भाकरी, आज सुकट नाय’ अशा नोंदी पडायला लागल्या. इतकी प्रामाणिक वही आमच्या उत्पादन विभागात कधी झाली नाही. पालघरला न्यायला म्हणून मी तिचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले. खरं तर चार जणांना दाखवलेही.

आठवड्याने गेलो. पट्टी सोडल्यावर डॉक्टरच्या कपाळाला आठी पडली. पाय होता तसाच होता. थोडा वाईटच होता. तिने तपासणीचा अहवाल काढला, पुन्हा वाचला.

“जंतू कळलाय. आपण देतोय तेच औषध त्याला लागू आहे. डोस वजनावर बरोबर आहे. मग उतार का नाही?” ती म्हणाली. “गोळी पोटात जातेय ना?”

मी जराशा उपकारानेच मोबाइल पुढे केला. तिने फोटो मोठा करून बघितला.

“काय सुंदर वही आहे हो, काकू. हे ‘तपासले’ कोण?”

“मी.”

“तुम्ही आठ वाजता गेटवर असता?”

मी कंपनीत साडेनऊला येते. आल्यावर गेटवर वही मागते, सकाळची आणि आदल्या रात्रीची अशा दोन सह्या करते आणि चहाला जाते. सात दिवस मी हेच केलं होतं. कुत्रीने गोळी गिळताना मी एकदाही पाहिलं नव्हतं.

“साडेनऊला असते,” मी म्हटलं. 

डॉक्टर हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. हाड अजून तरी ठीक दिसतंय, पण आणखी एक आठवडा असाच गेला तर माझ्या हातात काही राहणार नाही, असं तिने सांगितलं. येताना उमरोळीच्या फाट्यावर नवऱ्याने फक्त एवढं विचारलं, की एसी लावू का.

दुसऱ्या दिवशी पावणेआठला मी गेटवर हजर. वॉचमन सायकल लावत होते. त्यांनी डबा उघडला, भाकरीचा मऊ तुकडा घेतला, गोळी आत दाबली, वर सुकट, आणि वळकटी करून तिच्यापुढे धरली. तिने ती अदबीने घेतली. दोनदा चावली. गिळली.

“बगा, गेली पोटात,” वॉचमन म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं.

कुत्री उठली. लंगडत, पण सावकाश, फेरफटक्याला निघाल्यासारखी ती केबिनच्या मागे गेली. तिथे आग विझवायच्या वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असतात. खालची एक बादली कडी तुटल्यामुळे जमिनीवर ठेवलेली. तिने मान खाली घातली, जीभ एका बाजूने बाहेर काढली, आणि पांढरी गोळी वाळूत ठेवली. टाकली नाही, ठेवली. मग नाकाने वर वाळू सारली. इतकं नीटनेटकं काम.

मी ओढणी खोचून बादलीत हात घातला. नऊ गोळ्या निघाल्या. काही अर्ध्या चाटलेल्या, काही वाळू चिकटून खडबडीत झालेल्या. म्हणजे काही पोटात गेल्या होत्या, काही नाही. जंतूंना मारायला कमी आणि शिकवायला पुरेशा. माझ्या व्याख्यानातले डोळेवाले जंतू आठवले.

वॉचमननी टोपण पुन्हा पेनाला लावलं.

“माजी चूक, मॅडम. मी केलं म्हनून लिवलं.”

“तुम्ही दिलीत म्हणून ‘केले’ लिहिलंत. ते खरंच आहे,” मी म्हटलं. “खोटं मी लिहिलंय.”

हे बोलायला मला किती जड गेलं ते कसं सांगू? शरमेने कानशिलं तापली होती. त्याहून जास्त भीती वाटत होती, की माझ्या हौशी वहीपायी या मुक्या जनावराचा पाय जाणार. मी वही मागितली. केबिनच्या पायरीवर बसले आणि माझ्या ‘तपासले’च्या सह्यांवर एकेक सरळ रेघ मारली. चौदा रेघा. प्रत्येकीपुढे लिहिलं, ‘न पाहता सही केली’. सही. तारीख. पहिल्या पाळीचे लोक आत येत होते, ते थांबून बघायला लागले. यातल्या दोघांना मी याच कारणासाठी रडवलं होतं. मी मान वर केली नाही.

वॉचमन माझ्या खांद्यावरून शेवटची रेघ होईपर्यंत वाचत राहिले.

“मॅडम,” ते हळूच म्हणाले, “आता तुमाला कोन रडवनार?”

कोणाची गरज पडली नाही. मी गेटवर, सगळ्यांदेखत, नाक ओढत हसले आणि हसता हसता रडले. बॉयलरवाल्याने पाण्याची बाटली आणून दिली, सोबत डोकेदुखीची गोळीही पुढे केली. मग स्वतःच दचकून परत खिशात घातली.

डॉक्टरला खरं सांगितलं. बादली, नऊ गोळ्या, चौदा सह्या, सगळं. तिने पुन्हा पालघरला बोलावलं. जखम पुन्हा धुतली, पहिले तीन दिवस इंजेक्शनं दिली आणि गोळ्यांचे दिवस पहिल्यापासून मोजायला लावले, तेही आता दोन नव्हे, तीन आठवडे. झाल्या-न झाल्या त्या विसरा, म्हणाली. मग तिने मला गोळी द्यायला शिकवलं. एका हाताने वरचा जबडा मागून धरायचा, दुसऱ्याने खालचा उघडायचा, गोळी जिभेच्या मुळाशी ठेवायची, तोंड मिटायचं, नाक जरा वर करून गळ्यावरून हात फिरवायचा. कुत्रीने नाकावर जीभ फिरवली म्हणजे गिळली. मग जबडा पुन्हा उघडून गालांच्या आत आणि जिभेखाली बघायचं. त्यानंतर लगेच भाकरी.

हे काम मी कोणावर सोपवलं नाही. वॉचमन तिला फार लाडाने धरायचे आणि ती त्याचा फायदा घ्यायची. तीन आठवडे मी रोज सकाळी आठला आणि रात्री आठला गेटवर. पहिल्या दिवशी तिने माझ्या ड्रेसला लाळेने स्टार्च केला. तिसऱ्या दिवशी ती मला बघून ट्रकखाली शिरली, तिथून बॉयलरवाल्याने बिस्किट दाखवून काढली. पाचव्या दिवसापासून नवऱ्याच्या गाडीचा आवाज ओळखून ती, गाडी नाक्यावर असतानाच, मला शिव्या घालायला लागली. मी तिच्या तोंडात बोटं घालून ओरडायचे, “दाखव जीभ! उचल!” ट्रकवाले रांगेत उभे राहून बघायचे. एकाने विचारलं, मॅडम दात काढतायत का. वॉचमन ऐटीत म्हणाले, “नाय, तपासतात.”

नव्या पानावर ‘केले’ आणि ‘तपासले’चे रकाने बदलले. ‘केले’ मी. ‘तपासले’ वॉचमन. आणि ते खरंच वाकून, चष्मा लावून, तिच्या जिभेखाली बघून मगच सही करायचे. एकदा घाईत माझ्याकडूनच जीभ बघायची राहिली, तर त्यांनी पेन बंद करून खिशात ठेवलं. “मी बगितला नाय,” म्हणाले. मला पुन्हा जबडा उघडायला लागला. गोळी गालात होती.

दुसऱ्या आठवड्यात पू थांबला. सूज ओसरून कातडी सुरकुतली, खालून गुलाबी मांस भरून यायला लागलं. कंपनीतले लोक म्हणाले, आता बरी झाली की, कशाला त्रास देता. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, तेवढं पुरलं. शेवटची गोळी एकविसाव्या दिवशी रात्री गेली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिला पालघरला नेलं.

डॉक्टरने पट्टी सोडली. पाय दाबून पाहिला, गुडघा वाकवला, सरळ केला, तिला जमिनीवर सोडलं. ती त्या पायावर भार देऊन उभी राहिली. आधी जरा उचललेला ठेवला, मग टेकवला.

“पाय वाचला, काकू,” डॉक्टर म्हणाली. त्या दिवशी काकू ऐकायला फार गोड वाटलं.

वॉचमननी डॉक्टरला वाकून नमस्कार केला. ती लाजून मागे सरकली. मग त्यांना तंबाखूची तल्लफ आली आणि ते बाहेर गेले. ते तंबाखू खात नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे. थोड्या वेळाने आले तेव्हा डोळे लाल होते. कुत्रीने मात्र आमच्यापैकी कोणाकडेही न बघता दवाखान्याच्या पायरीवरून खाली उडी घेतली आणि गाडीच्या प्लॅस्टिकवर जाऊन बसली.

आता या गोष्टीला काही महिने झाले. ती वॉचमनच्या मांडीवर डोकं ठेवते. ज्याने तिला डोकेदुखीची गोळी घातली त्या बॉयलरवाल्याचे हात चाटते. रात्रपाळीवाल्याच्या बुटांवर झोपते. फक्त मी आले की उठते आणि पळते. मी बिस्किटं नेली, घरून मटणाची हाडं नेली, तिन्ही नावांनी हाका मारून झाल्या. लांबून ती माझ्याकडे बघते, मी एक पाऊल टाकलं की पसार. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटतं. कधीकधी फारच वाटतं.

“मॅडम, तुमी आल्या तशी पलाली बगा,” वॉचमन रोज सकाळी खूश होऊन सांगतात.

मी बघतेच. गेटच्या मधोमध, मागे हॉर्न वाजत असताना उभी राहून बघते. ती दोन ट्रकच्या मधून सुटते, मातीवर वळण घेते, आणि मी तिचे पाय मोजते. चारही टेकतात.